पीसीत नवीन पार्ट टाकला आणि आता चालूच होत नाहीये? आधी जुना पार्ट परत लावा

मागच्या दिवाळीत मी एकाच रात्री तीन पार्ट बदलायचा शहाणपणा केला. जुना बी४५० बोर्ड (मदरबोर्ड), त्यावर रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, पाच-सहा वर्षं गुमान चाललेला पीसी, आणि मी त्यात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि आठ-आठ जीबीच्या दोन नवीन रॅम असं सगळं एका बैठकीत टाकलं. बटण दाबलं, फॅन मस्त फिरायला लागले, लाइटी लागल्या, आणि मॉनिटर म्हणतोय नो सिग्नल. रात्रीचे साडेबारा. आई पाणी प्यायला उठली, फरशीवर पसरलेले स्क्रू बघून म्हणाली, "चालू होता ना रे तो? मग कशाला उघडलास?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी खरी चूक प्रोसेसरची नव्हती, रॅमचीही नव्हती. तीन गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे संशय कुणावर घ्यायचा हेच कळेनासं होतं, ही ती चूक. त्यानंतर मित्रांचे, मामेभावाचे, शेजारच्या काकांचे असे बरेच पीसी उघडून बसलोय आणि एक गोष्ट पक्की झालीय, नवीन पार्ट डब्यातूनच मेलेला निघाला असं फार कमी वेळा होतं. बहुतेकदा काहीतरी नीट बसलेलं नसतं, एखादी वायर लावायची राहते, बोर्डाचा बायोस, म्हणजे पीसी चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, जुना असतो नाहीतर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, कमी पडतो. म्हणून तो पार्ट पिशवीत घालून दुकानाकडे पळायच्या आधी हे सगळं एकदा करून बघा.

"चालू होत नाही" म्हणजे नक्की काय होतंय?

कुणी मला फोन करून सांगतं की पीसी चालू होत नाहीये, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कारण या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात. एक, बटण दाबलं तरी काहीच नाही, फॅन नाही, लाइट नाही, मढं पडलंय नुसतं. दोन, क्षणभर फॅन हलतो आणि बंद, किंवा दर दोन-तीन सेकंदांनी आपोआप चालू-बंद होत राहतं. तीन, फॅन-लाइट सगळं चालू पण स्क्रीन काळी. चार, कंपनीचा लोगो येतो, बायोस उघडतो, पण विंडोज काही येत नाही. पहिल्या दोनमध्ये वीज आणि शॉर्टिंग बघायचं, तिसऱ्यात रॅम, बायोस, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, आणि चौथ्यात हार्डवेअर बहुतेक ठीक असतं, सेटिंगचा घोळ असतो. तुमचा आजार कुठला ते आधी ठरवा, नाहीतर विंडोज येत नाही म्हणून लोक रॅम घासत बसतात.

आणि सगळ्यांसाठी पहिली पायरी एकच. जे शेवटचं बदललंत ते काढा आणि जुनं परत लावा. कंटाळा येतो, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट परत लावावी लागते, सगळं खरं, पण जुन्या पार्टवर पीसी चालू झाला तर बोर्ड, एसएमपीएस, केबल हे सगळं जिवंत आहे हे एका झटक्यात कळतं आणि शोध निम्म्याहून कमी होतो. जुन्यावरही चालू झाला नाही तर मग काम करताना तुमच्याच हातून काहीतरी हललंय किंवा सुटलंय, आणि नवीन पार्ट बिचारा बहुतेक निर्दोष आहे. अनेक पार्ट बदलले असतील तर सगळे जुने लावा आणि मग एकेक नवीन टाकत प्रत्येक वेळी चालू करून बघा.

हात घालायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद, एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद, वायर काढा, आणि मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावून मगच पार्टला हात लावायचा, आणि कार्पेटवर किंवा ब्लँकेटवर बसून काम करायचं नाही.

काहीच हलत नसेल तर

यात लाजिरवाणी कारणं जास्त असतात, म्हणून तीच आधी. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बंदच राहिलाय. एक्स्टेन्शन बोर्डचं बटण बंद आहे. तिथे मोबाइल चार्जर लावून बघा वीज येते का. काही जुन्या एसएमपीएसला मागे ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका असतो, तो आपल्याकडे २३० वरच पाहिजे. चुकून ११५ वर सरकवून चालू केलात तर फट् असा आवाज येतो आणि मग बाकीचा लेख वाचायची गरज राहत नाही, नवीन एसएमपीएस आणा.

मग चोवीस पिनांची मोठी केबल. ती बरीच घट्ट असते, बसल्यासारखी वाटते पण क्लिप अडकलेली नसते. काढा आणि टक् आवाज येईपर्यंत परत दाबा, बोर्ड वाकतोय असं वाटलं तर खालून बोटाचा आधार द्या.

त्यानंतर पुढच्या बटणाची वायर. ग्राफिक्स कार्ड बसवताना किंवा बोर्ड बदलताना त्या दोन पिनांच्या बारीक वायरी हमखास सुटतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये फ्रंट पॅनेलचं चित्र असतं, त्यात पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिना शोधा, वायर काढून ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना एकदम क्षणभर टेकवा. बटण दाबल्यावर नेमकं हेच होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका. पीसी चालू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. पॉवर बटणाची वायर उलटसुलट लागली तरी चालते, उलटसुलटचा फरक लाइटच्या वायरींना पडतो.

तरीही शांतता असेल तर एसएमपीएस एकटा तपासा. सगळ्या केबल बोर्डातून, ग्राफिक्स कार्डातून, हार्ड डिस्कमधून काढा, वायर भिंतीतून काढलेली असू द्या, आणि चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि तिच्या बाजूची कुठलीही काळी वायर यांना एक यू आकाराची पेपर क्लिप घाला. वायरी सगळ्या काळ्याच असतील तर सोळा नंबरची पिन हिरव्या वायरीची, पण मग मॅन्युअलमधलं चित्र बघूनच करा. आता वीज चालू करा, एसएमपीएसचा फॅन फिरला तर तो निदान जिवंत आहे. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही महागड्या एसएमपीएसचा फॅन लोड नसताना फिरतच नाही, तिथे एखादा कॅबिनेट फॅन जोडून बघा. आणि फॅन फिरला म्हणजे तो लोड झेपवेल असं अजिबात नाही. एसएमपीएस उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका, आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही जोरात झटका देऊ शकतात.

जाता जाता, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखा करंट लागत असेल तर ते तुमच्या अपग्रेडमुळे नाही. जुन्या चाळी-वाड्यांत अर्थिंगच नसतं, आणि एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. मारत नाही पण पार्टसाठीही चांगला नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

क्षणभर चालू आणि बंद

हे दिसलं की माझ्या डोक्यात पहिलं येतं शॉर्टिंग, म्हणजे एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतोय. बोर्ड बदलला असेल तर कॅबिनेटच्या पाठीवर बोर्डाखाली लावतात ते पितळी स्टँडऑफ बघा. जुना बोर्ड मोठा होता आणि नवीन छोटा आहे, तर एखादा जास्तीचा स्टँडऑफ बरोबर अशा जागी राहतो जिथे नवीन बोर्डाला भोकच नाही, तो मागून बोर्डाला टेकतो आणि शॉर्ट होतो. पडलेला स्क्रू बोर्डाखाली गेलाय का तेही बघा, कॅबिनेट हलवून खुळखुळ येते का ऐका. पुढच्या यूएसबी ३ च्या जाड केबलच्या जागेतल्या पिना वाकल्या असतील तर त्यानेही हे होतं.

दुसरं, प्रोसेसरची आठ पिनांची केबल, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली. ती राहिली तर कुठल्या बोर्डावर फॅन फिरून डिस्प्ले येत नाही, कुठे लगेच बंद होतं. आणि हिची गल्लत ग्राफिक्स कार्डाच्या आठ पिनांशी होते. ओळखायची खूण सोपी, प्रोसेसरची केबल चार अधिक चार अशी फुटते आणि ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन अशी. दोन्हींत पॉझिटिव्ह आणि ग्राउंडच्या ओळी उलट असतात, खाचाही वेगळ्या असतात म्हणून सहज जात नाही, पण जोर लावून घुसवणारे महाभाग मी पाहिलेत. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकतंय, एवढं धरून चाला.

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, एसएमपीएस बदलला असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची वेगळी असते, आणि हार्ड डिस्कच्या पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की आतले लग्नाचे फोटो पण गेले.

आता एसएमपीएस कमी पडण्याचं. ग्राफिक्स कार्डाला बोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या केबलमधून १५०. माझं १०५० टीआय स्लॉटवरच चालायचं, केबलच नव्हती. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि आठ पिनांची केबल लागते. असेंबल्ड पीसीत कॅबिनेटसोबत फुकट येणारा ४५० वॅट लिहिलेला एसएमपीएस असतो ना, त्याच्या बाजूचा स्टिकर वाचा, १२ व्होल्टच्या पुढे किती अँपिअर लिहिलेत बघा. एका मित्राच्या डब्यावर १४ अँपिअर होते, म्हणजे १२ गुणिले १४, १६८ वॅट झाले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघं मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात, मग त्या ४५० चं काय लोणचं घालायचं? अशा एसएमपीएसवर पीसी कधी चालूच होत नाही, कधी चालू होतो आणि गेम उघडला की फट्कन बंद. केबल कमी पडतेय म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन मोलेक्सला (जुन्या चार पिनांच्या कनेक्टरना) जोडून आठ पिन करणारं अडॉप्टर आणून लावू नका, ते वितळलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. सेकंडहँड ऑफिस पीसी घेतला असेल तर त्यात बऱ्याचदा १८० ते २५० वॅटचाच एसएमपीएस असतो आणि कनेक्टरही कंपनीचे स्वतःचे असतात, त्यामुळे तिथे मोठं कार्ड टाकायच्या आधीच विचार करा.

फॅन फिरतायत, स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, मी पण इथेच अडकलो होतो.

मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते आधी बघा. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलंय आणि एचडीएमआय अजून बोर्डालाच, असं असेल तर ती कार्डाला लावा. उलटही होतं, कार्ड काढलं आणि केबल बोर्डाला लावली, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही. इंटेलच्या नावामागे एफ असेल, म्हणजे आय५ १२४००एफ वगैरे, किंवा एएमडीचा ५६०० सारखा मागे जी नसलेला, एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) बसणारा रायझन असेल, तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून जन्मात काही दिसणार नाही, कार्ड लागणारच. मॉनिटरचा इनपुट पण बघा, तो दुसऱ्याच पोर्टवर अडकलेला असतो.

मग बोर्डावर बारीक लाइट शोधा. साधारण गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर एका कोपऱ्यात चार छोट्या एलईडी असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (विंडोजची डिस्क). चालू करताना त्या एकेक करून लागतात-विझतात आणि जिथे अडलं तिथली लागून राहते. हा म्हणजे फुकटचा डॉक्टर आहे. लाइट नसतील तर पन्नास रुपयांच्या आसपास मिळणारा छोटा स्पीकर फ्रंट पॅनेलच्या पिनांवर लावा आणि बीप ऐका. बीपचा अर्थ बायोसनुसार बदलतो म्हणून मॅन्युअल बघा, पण थांबत-थांबत येत राहणारे लांब बीप बहुतेकदा रॅमचे आणि एक लांब-दोन किंवा तीन छोटे हे बहुतेकदा ग्राफिक्सचे. एकही बीप नाही आणि रॅम पूर्ण काढली तरी बीप नाही, तर प्रकरण प्रोसेसर किंवा बोर्डाकडे जातं.

रॅमपासून सुरुवात करा, कारण तीच सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघते. सगळ्या काढा, एकच ठेवा, ती चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन्ही टोकांना दाबून टक् आवाज आला पाहिजे, काही बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूने रॅम अर्धवट वर राहते ते नीट बघा. चालू झालं तर दुसरी रॅम चौथ्या स्लॉटमध्ये. नाही झालं तर दुसरी रॅम एकटी लावून बघा, मग स्लॉट बदलून बघा. जुनी रॅम असेल तर सोनेरी पट्ट्यांवर पेन्सिलीचा पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा फुंकून झटका, हा आपल्याकडचा घरगुती उपाय आहे आणि कोकणातल्या पावसाळ्यानंतर तर खरंच चालतो. सँडपेपर वगैरे नको रे बाबांनो.

जुनी आणि नवीन रॅम एकत्र लावलीय आणि डिस्प्ले येत नाही, पण दोन्ही एकेकट्या चालतात, तर त्यांचं आपसात जमत नाहीये. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त स्पीडवर चालवायची सेटिंग) बंद करून कमी स्पीडवर बघा. डीडीआर३ च्या जुन्या बोर्डासाठी ऑनलाइन फार स्वस्त ८ जीबीची रॅम घेतली असेल तर डिस्क्रिप्शन परत वाचा, त्यातल्या काही फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणाऱ्या असतात आणि इंटेलच्या एच६१ बोर्डावर त्या टाकल्या की डिस्प्ले येत नाही. डीडीआर५ वाल्यांनी अजून एक करायचं, काही न करता बसायचं. नवीन रॅम लावल्यावर पहिल्यांदा बोर्ड ती ओळखून घेत असतो आणि त्यात कधीकधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. लोक अर्ध्या मिनिटात वैतागून बटण दाबतात, ते सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं चहा करून या.

रॅमने सुटलं नाही तर बायोसची सेटिंग पुसा. वीज काढा, बोर्डावरचा गोल सेल काढा, सीआर२०३२, घड्याळाच्या किंवा जनरल स्टोअरच्या दुकानात मिळतो तोच, पाच मिनिटं थांबा, परत लावा. किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने काही सेकंद जोडा. जुन्या रॅमला किंवा जुन्या प्रोसेसरला ओव्हरक्लॉक केलं (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवलं) असेल तर तीच सेटिंग नव्या पार्टच्या गळ्यात पडलेली असते. पण थांबा, पुसायच्या आधी खालचा विंडोजचा भाग वाचून घ्या, हार्ड डिस्कच्या मोडची एक भानगड आहे.

आता माझी गोष्ट. माझ्या बोर्डावर सीपीयूची लाल लाइट लागून राहिली होती आणि मी मात्र दीड तास रॅम काढघाल करत होतो, कारण प्रोसेसर नवा कोरा, तो कसा खराब असेल. तो खराब नव्हताच. बी४५० बोर्ड आले २०१८ मध्ये, रायझन ५००० मालिका आली २०२० च्या शेवटी आणि माझा ५६०० तर २०२२ चा. सॉकेट तेच एएम४, प्रोसेसर बसतो अगदी छान, पण २०१८-१९ च्या बायोसला हा कोण पाहुणा आलाय हे माहीतच नाही. रात्री अडीच वाजता बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर सपोर्ट लिस्ट उघडली, तिथे ५६०० च्या पुढे स्वच्छ लिहिलेलं होतं कुठल्या बायोस व्हर्जनपासून चालतो. मग जुना २६०० परत बसवला, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केली, नवीन बायोस टाकला, बोर्डाच्या बायोसमधल्याच फ्लॅश पर्यायातून अपडेट केला, त्यानंतर ५६०० बसवला आणि पहिल्या फटक्यात डिस्प्ले. ही यादी मी ऑर्डर द्यायच्या आधी वाचली असती तर रात्रभर झोपलो असतो.

हे फक्त एएमडीचं नाही. इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डावर १३व्या पिढीचा प्रोसेसर टाकायला बऱ्याच वेळा बायोस अपडेट लागतो. जुन्या एच६१ वर दुसऱ्या पिढीचा काढून तिसऱ्या पिढीचा टाकायलाही लागायचा. आणि एलजीए ११५१ हे इंटेलचं सॉकेट तर मोठीच फसवणूक, ६व्या-७व्या पिढीचा बोर्ड आणि ८व्या-९व्या पिढीचा प्रोसेसर, सॉकेटचं नाव एकच, बसतोही, पण चालत नाही आणि साध्या अपडेटने चालणारही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची ८वी पिढी पाहिजे म्हणून कितीतरी लोकांनी नुसता सेकंडहँड प्रोसेसर आणून जुन्या बोर्डात बसवायचा प्रयत्न केला, त्यातले बरेच इथेच आपटले.

जुना प्रोसेसर विकून टाकला असेल तर बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. ते असेल तर प्रोसेसर, रॅम काही नसताना पण पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतो. फाइलचं नाव आणि कुठला यूएसबी पोर्ट हे मॅन्युअलप्रमाणे तंतोतंत, उदाहरणार्थ एमएसआयच्या बोर्डांना फाइल एमएसआय डॉट रॉम या नावाने लागते. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच बसू शकतो, त्यामुळे यूपीएसवर करा आणि लोडशेडिंगच्या वेळा बघून करा. बटणही नाही तर दुकानदाराला विनंती करा, बरेच जण दोन-तीनशे रुपयांत त्यांचा प्रोसेसर लावून करून देतात.

बायोस बरोबर आहे तरी सीपीयूची लाइट जात नाही, तर प्रोसेसर काढून बघायची वेळ. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि जुनी पेस्ट वाळलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसर लॉक न उघडताच सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून चालत्या पीसीतून काढत असाल तर आधी तो पंधरा मिनिटं चालवून गरम करायचा, बंद करायचा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे पिळत सोडवायचा. पिन वाकली असेल तर शिसं बदलता येणाऱ्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात ती पिन घालून हळूहळू सरळ करता येते, मी दोनदा केलंय, हात थरथरत होते पण झालं. इंटेलमध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, त्या वाकल्या तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून तिरक्या उजेडात बघा, ओळीत एखादी वेगळी चमकते. आणि नवीन कूलरच्या बुडाला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद काढलात ना? त्याने पीसी चालू होतो पण थोड्या वेळात गरम होऊन बंद पडतो. कूलरचा फॅन सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर नसला तर सीपीयू फॅन एरर, एफ१ दाबा असा मेसेज येतो.

व्हीजीएची लाइट असेल तर कार्ड काढून परत बसवा, स्लॉटच्या टोकाची क्लिप लागली पाहिजे, आणि सगळ्या पॉवर केबल. जुना बोर्ड आणि फार नवीन कार्ड, किंवा याच्या उलट, असं असेल तर बायोसमधल्या सीएसएमचा (जुन्या पद्धतीने चालू व्हायच्या सेटिंगचा) प्रश्न असतो. सीएसएम बंद असेल आणि कार्ड खूप जुनं असेल तर त्याला यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचा बायोस, कळत नाही आणि स्क्रीन काळी राहते.

कशानेच नाही झालं तर सगळं बाहेर काढा

बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो आला तिच्यावर नको, ती बाहेरून वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस आणि गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड, बस. हार्ड डिस्क नाही, पुढचे यूएसबी नाहीत, आरजीबीच्या वायरी नाहीत. स्क्रू ड्रायव्हरने चालू करा. इथे डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या वस्तूंत, एकेक परत लावत जा, जिथे बंद पडेल तो चोर. इथेही आला नाही तर आता उरलेल्या चार-पाच वस्तूंपैकी एक खरंच गेलीय, आणि ती मित्राच्या पीसीत लावून बघितल्याशिवाय कळणार नाही. फक्त मित्राच्या चांगल्या बोर्डात संशयित एसएमपीएस लावू नका, उलटं करा, त्याचा एसएमपीएस तुमच्याकडे आणा.

लोगो येतो, विंडोज येत नाही

रायझन बदलल्यावर पहिल्यांदा एक इंग्रजी मेसेज येतो, नवीन सीपीयू लावलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली कुलपाच्या किल्ल्यांची जागा) रीसेट करायचा का, वाय किंवा एन. सवयीने वाय दाबू नका. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) चालू असेल तर वाय दाबल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती नसेल तर डेटा गेला. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून आधी लिहून घ्या. सध्या एन दाबा, की शोधा, मग रीसेट. शहाण्याने तर प्रोसेसर बदलायच्या आधीच बिटलॉकर थांबवून ठेवावं.

बूट डिव्हाइस सापडत नाही असं म्हणत असेल तर बायोसमध्ये जाऊन तुमची एसएसडी यादीत दिसते का बघा. थेट बोर्डावर बसणारी नवीन एनव्हीएमई एसएसडी टाकल्यावर जुनी केबलवाली साटा डिस्क गायब झाली असेल तर ती मेली नाहीये, बऱ्याच बोर्डांवर एम.२ (एनव्हीएमई बसते तो) स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कुठले ते मॅन्युअलमध्ये असतं, केबल दुसऱ्या पोर्टला लावा. डिस्क दिसतेय पण बूट होत नाही तर बूट ऑर्डर बघा, नवीन रिकामी डिस्क वर जाऊन बसलेली असते.

आणि ती मघाची भानगड. विंडोज टाकलं तेव्हा बायोसमधला साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) रेड किंवा इंटेलचा व्हीएमडी असेल आणि तुम्ही सेल काढून बायोस पुसलात तर मोड बदलून एएचसीआय होतो आणि विंडोज निळ्या स्क्रीनवर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणत रडतं. मोड पूर्वीसारखा करा, येतं. तसंच जुनं विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीच्या) डिस्कवर असेल आणि सीएसएम बंद झालं तर ते बूट होणार नाही, तात्पुरतं सीएसएम चालू करा, आत जा, डेटाची कॉपी काढा आणि मग विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी टूलने डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून घ्या.

परत द्यायची वेळ आली तर

पार्ट खरंच गेलाय हे ठरलं तर पॅकिंग, बिल आणि सिरीयल नंबरचा स्टिकर यांचे फोटो काढा, आणि बोर्ड देताना सॉकेटमधल्या पिनांचा जवळून व्हिडिओ काढून दुकानात काउंटरवर त्यांच्यासमोरच प्लास्टिकचं झाकण लावा. माझ्या मामेभावाने झाकण न लावता बोर्ड दिला, चार दिवसांनी फोन आला की पिना वाकल्यात, वॉरंटी नाही. कुणी वाकवल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझा पीसी पहाटे चार वाजता चालू झाला आणि साडेचारला परत बंद पडला. या वेळी पीसीचा दोष नव्हता. पलंगाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस, ज्यावर वॅट साधारण ३६० च मिळतात, आणि त्यावर पीसी, मॉनिटर, राउटर आणि आईने लावलेला टेबल फॅन. गेम उघडला, पहाटेचा व्होल्टेज हलला, यूपीएस बॅटरीवर गेला आणि लोड बघून किंचाळला. फॅन काढला, तेव्हापासून चाललाय.